ठकूकाकीची मोळी

लिहून झालेलं पत्र मी वाचून दाखवायला लागलो की ठकूकाकी सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसायची. मान खाली, डोळे तांदळात, आणि बोटं अशी चालायची की वाटावं, बाईचं पत्राकडे लक्षच नाही. पण एखादा शब्द फुकटचा आला की बोटं थबकायची. ती एक खडा उचलायची, माझ्याकडे न बघता अंगणात भिरकावायची आणि म्हणायची, "हां, पुढं." तेवढ्यावरून मी समजायचं की तो शब्द गेला. मळ्यावर आम्हांला शिध्यात मिळणाऱ्या तांदळात खडे मुबलक असत, आणि माझ्या पत्रांत फुकटचे शब्द त्याहून मुबलक. त्यामुळे रविवारच्या दुपारी दोन्ही निवडणं बरोबरच उरकायचं.

या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मोडी आणि बालबोध यांतला फरक तिच्या लेखी एवढाच की एकात मुंग्या पळतात आणि दुसऱ्यात मुंग्या रांगेत उभ्या राहतात. ती जाऊन आता पाच वर्षं झाली. माझ्या घरी रविवारी चार मुलं बोरू घेऊन बसतात, त्यांत दोन माझ्याच मुली. वाक्य म्हणजे काय, ते किती प्रकारचं, अलंकार कुठे घालावा, असं ती विचारतात. मी मोठ्या ऐटीत लहानपणी पंतोजींपुढे पाठ केलेलं सांगायला तोंड उघडतो आणि बाहेर पडतं ते ठकूकाकीचं. परवा आमची मंडळी चुलीपासून ओरडली, "अहो, नाव तरी घ्या त्या बाईचं! पोरांना वाटतंय, हे सगळं तुमच्या डोक्यातून निघालं." म्हणून हे लिहितो आहे. लांबलं तर दोष माझा. घरात गोष्ट सांगायला बसलो की आमच्याकडे लोक आधी जेवून घेतात.

मी मॉरिशसला, प्लेन दे पपायच्या उसाच्या मळ्यावर आलो तेव्हा विशीचा होतो. ऊस कधी तोडला नव्हता. आठ दिवसांत सिरदारानं, म्हणजे आमच्या टोळीच्या मुकादमानं, जाहीर करून टाकलं की हा कोयता बोरूसारखा धरतो. त्याला ती शिवी वाटली, मला स्तुती. मला लिहिता येतं ही बातमी मात्र वस्तीत पसरली, आणि पहिल्याच रविवारी मी बदामाच्या झाडाखाली दौत मांडून बसलो. पहिला आला सखाराम. गिरणीच्या चरकात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, ते आईला कळवायचं होतं. मला तर हर्षच झाला. असा विषय पहिल्या दिवशी कुणाला मिळतो? मी लिहिलं, 'दैवाने घाला घातला. काळस्वरूप यंत्राने आपल्या बालकाचा वामहस्त ग्रासिला.' आणि खड्या आवाजात वाचून दाखवलं.

शेजारच्या दारात एक उंच, काळीसावळी बाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "ग्रासिला म्हणजे काय रे?"

"गिळला," मी म्हणालो.

"अख्खा?"

"नाय गो काकी, दोन बोटंच," सखाराम घाबरून म्हणाला आणि हात पुढे करून दाखवू लागला.

"मग दोन बोटं लिही की, मेल्या! तुझ्या ग्रासिलाच्या पुढं ऐकायला त्याची आई जिती राहायची नाय. खोड ते. लिही, डाव्या हाताची दोन बोटं चरकात गेली, जखम भरली, उजव्या हातानं जेवतो."

मी म्हणालो की पत्राची रीत अशी की शुभ आधी लिहावं. तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "रीत लिहिणाऱ्याची. ऐकणारी बाई शेवटच्या शब्दावर रात्री निजते. वाईट आधी सांगून टाक आणि 'जेवतो' वर सोड. मग निजंल ती."

त्या दिवसापासून मी शास्त्रीबुवा झालो. राग असला की शास्त्रीबुवा, लोभ असला की गणबा. बदामाखालची दौत आपोआप काकीच्या दारात गेली. लोक यायचे माझ्याकडे, बसायचे तिच्याकडे. ती त्यांना आधी बोलू द्यायची, मग म्हणायची, "आता यातलं एक सांग, जे सांगितलं नाय तर तुला झोप येणार नाय." ते एक मिळालं की तिथून पत्राला सुरुवात.

तिची सगळी परिभाषा उसातली आणि चुलीजवळची. माझ्या 'विनंती विशेष', 'कृपालोभ असावा' या शब्दांना ती चिपाडं म्हणायची. "त्यातला रस आपल्या आज्यानं पिऊन टाकला, आता तू काय चोखतोस?" नुसत्या शोभेच्या शब्दांना पाचट. उसावरची वाळकी पानं सोलतात तसं ते सोलायचं. "पाचट अंगाला कापतं आणि गोडी काडीची नाय." छोट्या वाक्याला कांडं. लांब, बऱ्याच गोष्टी एकत्र बांधलेल्या वाक्याला मोळी. या मोळीबद्दल तिचं म्हणणं मी आजही मुलांना जसंच्या तसं सांगतो, "काड्या कितीपण घे. पण शेवटाला शेंड्याच्या वाढ्याचा पीळ घालून आवळता यायला हवं. आपल्या बोलण्यात करणं-सवरणं शेवटाला येतं, तोच पीळ. तो सैल राहिला की वाटंत ऊस सांडत जातो."

उपमेवरून आमचं कायम वाजायचं. मला उपमा भारी प्रिय. एकदा एकाच्या बायकोला लिहिताना मी तिचा विरह चातकाला दिला, चकोराला दिला, आणखी एका पक्ष्याला देणार होतो.

"आसे, गणबा, आसे!" काकी म्हणाली. आसे म्हणजे पुरे. इथल्या क्रेओल बोलीतले जे चार शब्द तिनं उचलले होते त्यांत हा तिचा लाडका, आणि तो तिनं माझ्यावरच खर्च केला. "उपमा म्हणजे शेजारीण. आपलं काम आपल्यानं उरकत नसंल तरच हाक मारावी. ती एकदा आली की बसूनच राहते, आणि मग घरातली बाई बोलायची राहते. त्याच्या बायकोला काय चातकाशी नांदायचंय?"

"मग अतिशयोक्ती तरी?" मी म्हणालो. आमच्या पंतोजींनी तो अलंकार छडी मारून पाठ करून घेतला होता.

"ते काय असतं?" मी समजावलं. ती हसली. "ती जहाजावरची लाट. माझ्याबरोबर आलेला प्रत्येकजण ती सांगतो, आणि सांगंल तेव्हा हातभर वाढते. आता डोलकाठीच्या वर गेलीय. सगळे बुडालो असणार आम्ही."

पत्रात प्रश्न विचारायलाही तिची हरकत असायची. उत्तर यायला वर्ष लागतं, तोवर प्रश्न विचारणारा विसरतो आणि उत्तर देणारा दमतो. "सवाल टाकायचा तो जबाब नको असंल तर," ती म्हणायची. हेच मी मोठ्या ग्रंथात वाचलं असतं तर पाठ करून चारचौघांत फेकलं असतं. काकीच्या तोंडचं म्हणून तेव्हा फक्त वैतागायचो.

माझ्या लग्नाचं पत्रसुद्धा तिनंच सोललं. कार्तिए मिलितेर गावी एका मराठी कुटुंबात मुलगी होती, आणि मी स्वतःबद्दल चार बंद मजकूर लिहिला होता. विद्या, वळण, कुलशील, भावी मनोरथ, सगळं होतं. काकीनं तेवढ्या वेळात अख्खं सूप निवडून संपवलं. मग म्हणाली, "आता लिही. मुलगा लिहितो बरा, ऊस तोडतो वाईट, खोटं बोलत नाही." मी रडकुंडीला येऊन तेवढंच पाठवलं. सासऱ्यांनी आठवड्यात होकार धाडला. मंडळींना विचारा, त्या अजून म्हणतात, "पहिलं मला ऐकायला लागतं, दुसरं भोगायला लागतं. तिसऱ्याबद्दल एका रविवारचं बोलायचं राहिलंय." तो रविवार कोणता, ते पुढे येईलच.

हे सगळं करणारी बाई स्वतःच्या पत्राच्या वेळी मात्र अडखळली. काकी विधवा. कोकणातल्या खाडीकाठच्या एका वाडीवरची. ती मुंबईला येऊन गलबतात चढली तेव्हा तिची एकुलती मुलगी, चंद्री, नऊ वर्षांची होती आणि तापानं फणफणलेली. तापाच्या पोरीला गलबतावर घेतलं नाही. काकीनं तिला दिराच्या हवाली केलं. पाच वर्षांचा करार संपला की पोरीला बोलावून घेईन, तोवर मला विचारल्याशिवाय तिचं लग्न करायचं नाही, असं वचन दिराकडून घेतलं आणि निघाली. परत जायचा विचार तिच्या मनात नव्हता. "तिथं गेले तर दिराच्या चुलीपुढं फुंकत बसायचं. इथं झोपडी का असंना, चूल माझी हाय," असं म्हणायची. मी आलो तेव्हा तिची पाच वर्षं भरत आली होती. झोपडीला तिनं एक पडवी काढली होती, पोरीसाठी. गाडीवान पोर्लुई बंदराहून परतला की ती हातातलं काम टाकून विचारायची, मुंबईचं गलबत लागलं का, आणि त्यातून बायका किती उतरल्या.

तिचं पहिलं पत्र मी लिहिलं ते आल्यापासून दोन महिन्यांत. ती सांगू लागली, तर शेळीपासून सुरुवात. मग एकदम चंद्री, मग कुणा सुताराची पेटी, मग पुन्हा चंद्री, मग कोणी कोळीण. मी बोरू खाली ठेवला.

"काकी, ही कुठली रीत? आधी नमस्कार, मग क्षेमकुशल, मग मुख्य मजकूर, मग नमस्कार. मुलीला पाठवण्याचं सगळं एका जागी हवं. स्वच्छ. वाचणाऱ्याला शोधावं लागता कामा नये."

तिनं माझ्या बोरूकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू शिकलेला. आणि पत्र जाणार दिराच्या हातात, तोपण शिकलेला. तुम्हांला तुमचं कळंल. बरं, तसं लिही."

तिनं माझं ऐकलं अशी ही एकच वेळ. मी मुलीला पाठवण्याची विनंती सुरेख, सलग, मधोमध लिहिली, आणि तिचं महत्त्व कळावं म्हणून भोवती वेलबुट्टी काढली. ती वेलबुट्टी मला इतकी आवडली की पुढच्या दोन पत्रांतही तशीच काढली. तीन वर्षांत तीन पत्रं गेली, परतीच्या गलबतानं जाणाऱ्या माणसांच्या हातून. दिराची तीन उत्तरं आली. तिन्हींत एकच ओळ. 'चि. चंद्री सुखरूप आहे, काळजी नसावी.' पाठवतो असं नाही, पाठवत नाही असंही नाही.

चौथ्या वर्षी भिवा आला. नवा मजूर, काकीच्या खाडीपलीकडचा. पोर्लुईच्या डेपोतून आमच्या मळ्यावर आणला त्याच दिवशी काकीनं त्याला जेवायला बसवलं. बोलता बोलता कळलं की गेल्या साली तो नारळ विकायला तिच्या वाडीवर गेला होता, आणि देवळात मॉरिशसचं पत्र वाचतायत म्हटल्यावर तमाशा बघायला बसला होता. वाडीत वाचता येणारा एकटा तिचा दीर. पत्र कुणाचंही असो, तो देवळात वाचायचा, आणि सगळी वाडी आपापलं नाव येईल म्हणून कान देऊन बसायची. आपलं नाव आलं की माणूस शेजाऱ्याकडे बघून मान हलवायचा.

"माझी पोर दिसली का रे?"

"कोण कुणाची पोर, मला काय ठावं, काकी? मी तिथला नाय."

"बरं, पत्रात काय ऐकलंस?"

भिवा आठवू लागला. "नमस्कार झाले. मग तुझं बरं हाय, ऊस हाय, पाऊस हाय. मग पुन्हा नमस्कार."

"आणि मधी?"

"मधी तो जरा खोकला."

मी समोरच बसलो होतो. काकी माझ्याकडे वळली. आवाज अगदी साधा होता. "शास्त्रीबुवा, पोरीचं सगळं एका जागी होतं ना?"

"होतं."

"स्वच्छ?"

"स्वच्छ."

"आणि भोवती वेलबुट्टी."

मी मान डोलावली. काय करणार?

"बरं केलंस. कुठून उडी मारायची आणि कुठं उतरायचं, ते त्याला आयतं दिसलं." मग ती उठून पडवीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भिवा बिचारा विचारत राहिला, "माझं काय चुकलं?" त्याला कसं सांगू, की आमच्यात न चुकलेला तो एकटाच होता.

पुढच्या रविवारी काकीनं मला बोलावलं. सूप नव्हतं. "आता मी सांगते तसं लिहायचं. एक कांडं इकडचं तिकडं केलंस तर बोरू मोडीन." आणि तिनं मोळी बांधायला घेतली. तीन रविवार लागले. नमस्कार एका ओळीत उरकले. त्यापुढे एकच वाक्य. माझ्याजवळ त्याचा कच्चा खर्डा आहे, तो असा:

'रामा गुरवाचे आईस सांगणे की तुझी शेळी व्याली असेल, तिचे दूध ज्या माझ्या चंद्रीचे हाती तू नेहमी पाठविलेस तिला तू म्हणावे की, सोनू सुताराने मला केलेली पेटी, जी माझे माघारी सोनूनेच माळ्यावर ठेविली आहे, ती सोनूने आपले हाताने खाली उतरून द्यावी, म्हणजे ती पेटी घेऊन, बायजा कोळणीने, जिने माझ्या आधी मुंबई पाहिली आहे, तिने हात धरून न्यावे, आणि माझ्या दिराने, ज्याने माझ्याजवळ वचन दिले आहे, त्याने सर्वांदेखत होय म्हणून, माझी लेक माझ्याकडे पाठवावी.'

मी घाम पुसला. "काकी, हे वाक्य नव्हे, ही वरात आहे."

"वरातच. मधनं कुणाला पळता येत नाय."

"पण तो थांबला तर?"

"थांबून बघ."

आणि तिनं खरंच मला दीर केलं. अंगणात सखारामला गुरवाची आई केलं, भिवाला सोनू सुतार, आणि बायजा कोळीण कुणी होईना तेव्हा स्वतःच पदर खोचून बायजा झाली. मी वाचायला लागलो. शेळीपाशी थांबलो आणि खोकलो.

"तिला मी म्हणावं की काय?" सखाराम बायकी आवाजात ओरडला. "पुढं वाच की, मुडद्या!"

मी पुढे सरकलो, पेटीपाशी खोकलो. "पेटी उतरू कशाला?" भिवा म्हणाला. त्याला नाटक इतकं चढलं की तो खरोखर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी नावं गाळून उडी मारून बघितली, तर बायजा झालेली काकी म्हणाली, "माझं नाव कुठाय? माझं नाव नसलेलं पत्र ठकी धाडायची नाय. दाखव तो कागद!" कुठेही थांबलो तरी कुणाचं तरी नाव अर्धवट लोंबायचं, आणि ज्याचं नाव लोंबतंय तो मला पुढे ढकलायचा. शेवटी धापा टाकत 'पाठवावी'पर्यंत पोचलो तेव्हाच माझी सुटका झाली. सगळे हसून लोळत होते. काकी हसली नाही. "आवळलं बरोबर," एवढंच म्हणाली आणि पदराची खोच काढली.

मोळी गेली. उत्तराला सव्वा वर्ष लागलं. तोवर एक वादळ येऊन काकीची पडवी घेऊन गेलं आणि तिनं ती पुन्हा उभी केली. पत्र आलं तेही रविवारीच. दिराचं नव्हतं. अक्षर अनोळखी, कुणा मास्तराचं असावं. बातमी पसरली आणि अंगण भरलं, कारण त्या पत्रात सगळ्यांचाच वाटा होता. सखाराम तर 'गुरवाची आई आली' म्हणत पुढे येऊन बसला.

मी वाचू लागलो. 'आयेस चंद्रीचा नमस्कार. तुझे पत्र देवळात वाचले. काका तीन वेळा थांबले, तीन वेळा लोकांनी पुढे ढकलले.'

काय हशा झाला! भिवानं सखारामला मिठीच मारली. काकीनं हातानं सगळ्यांना गप्प केलं. मी पुढे वाचलं. 'शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज बसला. गुरवाच्या आईने विचारले, आईचा होकार आला होता म्हणालात ना? तेव्हा ते उठून गेले. आये, माझे लग्न होऊन सहा वर्षे झाली. तुझा होकार आला असे आम्हांस सांगितले होते. नवरा बरा आहे.'

आता कुणी हसत नव्हतं.

"पुढं," काकी म्हणाली.

माझी नजर आधीच पुढे धावली होती. पुढे लिहिलं होतं, 'आये, मी येत नाही. दोन मुलगे आहेत, सासू आंधळी आहे. रागावू नकोस.' आणि खाली तिचं नाव.

मी काकीकडे पाहिलं. समोर नवी पडवी होती. मी वाचलं, "आये, दोन मुलगे आहेत, सासू आंधळी आहे. रागावू नकोस."

काकीनं विचारलं, "कशाला रागावू?"

मी कागदावरून डोळे काढले नाहीत.

"नातू झाले म्हणून रागावू? आंधळ्या म्हातारीला सांभाळते म्हणून रागावू?" तिचा आवाज चढला नाही. "गणबा, तू माझा दीर कधी झालास रे?"

मग मी वाचलं. गाळलेलं जिथे होतं तिथे ठेवून वाचलं. मंडळी ज्या रविवाराचं बोलायचं राहिलंय म्हणतात तो हा. सखाराम उठला, त्याच्यामागून एकेक जण उठला, आणि अंगण रिकामं झालं. काकीनं मला ते पुन्हा वाचायला लावलं, नुसतं शेवटचं. मी पुन्हा वाचलं.

"लिहिलं कुणी?"

"अक्षर मास्तराचं दिसतं."

"अक्षर नाय विचारत मी." तिनं माझ्या हातातून कागद घेतला आणि बोट ठेवून विचारलं, "येत नाही, हे कुठाय?" मी दाखवलं. ती त्या जागेकडे बघत राहिली. "सबबींच्या आधी ठेवलंन. लपवलंन नाय. हे मास्तराचं नव्हं, हे तिचंच." मग थोड्या वेळानं म्हणाली, "नऊ वर्षांची सोडली मी तिला. कुणी शिकवलं असंल?"

 

तिनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि सरसावून बसली. "कागद हाय?"

"आहे."

"चांगला घे. लिही. चंद्रे, रागावले नाही."

मी लिहिलं. बोरू दौतीत बुडवून वाट बघत राहिलो. "पुढे?"

"झालं."

"काकी, एवढ्या लांब जायचा कागद. अख्खा ताव कोरा राहतोय."

"राहू दे कोरा. दोन मुलगे हायत म्हणते ना? अक्षरं काढायला होईल त्यांस." मी घडी घालायला घेतली तशी तिनं माझा हात धरला. "मधोमध नको मोडू. कडेनं घाल."